जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या टूलरूममध्ये, आर्किटेक्टच्या ऑफिसांत आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडे डेल प्रिसिजन आणि एचपी झेडबुक हे जुने लॅपटॉप आजही रोजच्या कामात आहेत. त्यांपैकी बऱ्याच मॉडेलांचं ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं बसवता येतं. पण कार्ड विकत घेतल्यावर चौकशी सुरू केली की पैसे अडकतात. म्हणून खालची उत्तरं खरेदीच्या आधी वाचावीत.

माझ्या लॅपटॉपचं कार्ड निघतं का, हे कसं ओळखायचं?

निघणारं कार्ड बहुतेक वेळा एमएक्सएम प्रकारचं असतं. म्हणजे वेगळी छोटी पाटी, एका कडेला सोनेरी संपर्कांची रांग आणि दोन स्क्रू. ज्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, तिथे हा विषय संपला.

डेलमध्ये १५ इंची प्रिसिजन एम४६००, एम४७००, एम४८०० आणि १७ इंची एम६६००, एम६७००, एम६८०० यांची कार्डं निघतात. पुढच्या ७५१०, ७५२०, ७७१०, ७७२० यांचीही निघतात. २०१८च्या ७५३० आणि ७७३० पासून डेलने स्वतःचाच वेगळा आकार आणला, त्यात जुनं एमएक्सएम कार्ड बसत नाही. एचपीत एलिटबुक ८५६०डब्ल्यू, ८५७०डब्ल्यू, ८७६०डब्ल्यू, ८७७०डब्ल्यू आणि झेडबुक १५ व १७ यांच्या पहिल्या दोन पिढ्या सोयीच्या आहेत. जी३ पासून एचपीने कार्डाचा आकार बदलला, त्यामुळे तिथे फक्त त्याच मॉडेलसाठी बनलेलं कार्ड शोधावं लागतं.

लेनोवो थिंकपॅड डब्ल्यू५२०, डब्ल्यू५३०, डब्ल्यू५४० यांत चिप सोल्डर केलेली आहे. या लॅपटॉपसाठी कुणी 'कार्ड बदलून देतो' म्हणालं तर ते पूर्ण मदरबोर्ड बदलण्याबद्दल बोलत आहेत, हे लक्षात घ्या.

एमएक्सएम ए आणि बी यांत फरक काय?

आकाराचा आणि विजेचा. ए प्रकार ८२ × ७० मिलिमीटर, साधारण ५५ वॅटपर्यंत. बी प्रकार ८२ × १०५ मिलिमीटर, या लॅपटॉपांत १०० वॅटपर्यंत. १५ इंची लॅपटॉप ए घेतात, १७ इंची बी. कनेक्टर दोन्हींचा एकच असल्यामुळे फोटो पाहून 'बसेल' असं वाटतं, पण बी कार्ड एम४८००च्या जागेत लांबीलाच मावत नाही. उलट, ए कार्ड १७ इंचीच्या कनेक्टरमध्ये जातं, मात्र हीटसिंक (चिपची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) तिथे जुळेलच असं नाही.

कार्ड बदलल्यावर माझं सॉलिडवर्क्स वेगात चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण निम्म्या लोकांना कार्डाची गरजच नसते. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फीचर बदलल्यावर होणारी पुनर्बांधणी बहुतांशी प्रोसेसरच्या एका कोरवर चालते. ऑटोकॅडच्या द्विमितीय ड्रॉइंगला आणि रेव्हिटच्या बऱ्याचशा कामाला तसंच. कार्डाचा फायदा दिसतो तो मोठी असेंब्ली फिरवताना, रिअलव्ह्यू (खऱ्यासारखं दृश्य) चालू असताना, ब्लेंडरमध्ये रेंडर करताना किंवा ड्रोनच्या फोटोंपासून त्रिमितीय नकाशा बनवताना.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. नेहमीची सगळ्यात जड फाइल उघडा, टास्क मॅनेजर बाजूला ठेवा आणि अडखळणारं काम करून पाहा. प्रोसेसरचा एक कोर पूर्ण भरलेला आणि ग्राफिक्स २०-३० टक्क्यांवर असेल तर नवं कार्ड काहीही बदलणार नाही. ग्राफिक्स मेमरी काठोकाठ भरली असेल तर मात्र बदलेल. लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क किंवा ८ जीबी रॅम असेल तर पैसे आधी तिथे घाला. चार कोरच्या एम४८०० मध्ये रॅमचे चार स्लॉट आहेत आणि ३२ जीबी बसते. एसएसडी आणि रॅमनंतरही अडत असेल तर पुढे वाचा.

कोणतं कार्ड घ्यावं?

नियम एकच: त्याच कंपनीच्या लॅपटॉपमधून निघालेलं, त्याच आकाराचं आणि लॅपटॉपला पेलेल एवढ्या वॅटचं कार्ड. डेलसाठी डेलचं, एचपीसाठी एचपीचं. कारण कार्डावरच्या चिपमध्ये त्या कंपनीचा व्हीबायोस (कार्ड सुरू करणारा आतला प्रोग्राम) असतो. पंख्याचा वेग, तापमानाची नोंद आणि काही मॉडेलांत स्क्रीनचा उजेडही त्यावर अवलंबून असतो.

सगळ्यात सुरक्षित बदल म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने मुळातच दिलेलं वरच्या पायरीचं कार्ड. एम४८०० मध्ये एनव्हिडियाचं क्वाड्रो के११००एम असेल तर के२१००एम. पहिल्यात ३८४ कोर आणि ४५ वॅट, दुसऱ्यात ५७६ कोर आणि ५५ वॅट, मेमरी दोन्हींत २ जीबी. फरक जाणवतो, पण डोळे दिपवणारा नाही.

खरी उडी हवी असेल तर एक पिढी पुढे जावं लागतं. प्रिसिजन ७५१०मधलं एम२०००एम (६४० कोर, ४ जीबी) किंवा ७५२०मधलं एम२२०० (१०२४ कोर, ४ जीबी) ही दोन्ही ५५ वॅटची ए आकाराची कार्डं आहेत. के११००एमच्या जागी एम२२०० आलं की मेमरी दुप्पट होते आणि कोर अडीचपटीहून जास्त. एम४८००च्या मालकांना आम्ही हेच सुचवतो, पण पुढे दिलेल्या स्क्रीन आणि ड्रायव्हरच्या अटी समजून.

१७ इंचीत के३१००एम ७५ वॅटचं आहे, के४१००एम आणि के५१००एम १०० वॅटची. के५१००एमची ८ जीबी मेमरी अजूनही उपयोगी, मात्र चिप एनव्हिडियाच्या केप्लर या जुन्या पिढीची. त्याऐवजी ७७१०चं एम३०००एम (७५ वॅट, ४ जीबी) किंवा एम५०००एम (१०० वॅट, ८ जीबी) अधिक शहाणपणाचं.

गेमिंग लॅपटॉपमधलं जीटीएक्स कार्ड स्वस्त दिसतं. स्क्रूंची भोकं, पाटीचा आकार, व्हीबायोस, यांतलं काही ना काही अडतंच. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

केप्लर पिढी का टाळायची?

ड्रायव्हर संपले म्हणून. के११००एमपासून के५१००एमपर्यंतची सगळी कार्डं एनव्हिडियाच्या ४७० या ड्रायव्हर शाखेवर थांबली आहेत. कुडा (कार्डावर आकडेमोड करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) वापरणाऱ्यांना फटका आणखी मोठा: यांच्यासाठी कुडा १०.२ ही शेवटची आवृत्ती. एम२०००एम आणि एम२२०० मॅक्सवेल पिढीची आहेत. ५८० ही त्यांचीही शेवटची शाखा आहे आणि कुडा १३ ने मॅक्सवेलला वगळलं, पण कुडा १२ वर ती चालतात. तुमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कोणता किमान ड्रायव्हर मागते ते खरेदीपूर्वी पाहा.

सोबत हेही ध्यानात असू द्या की एम४८००च्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ऑफलाइन डिझाइनच्या कामाला अडचण नाही. बँकेचे व्यवहार याच मशीनवर होत असतील तर खर्चाचा पुन्हा विचार करा.

स्क्रीनचा याच्याशी काय संबंध?

सगळ्यात जास्त काळ्या स्क्रीन इथेच होतात. बहुतेक मॉडेलांत स्क्रीनकडे जायला दोन वाटा आहेत: इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधून किंवा थेट कार्डामधून. ऑप्टिमस, म्हणजे या दोघांत काम वाटणारी एनव्हिडियाची सोय, चालू असेल तर चित्र इंटेलमार्गे जातं आणि कार्ड फक्त हिशेब करतं. जुन्या स्क्रीन एलव्हीडीएस या जुन्या प्रकारच्या जोडणीच्या आहेत, आणि नव्या पिढीचं कार्ड ती जोडणी स्वतः चालवेल याचा भरवसा नाही. म्हणून जुनं कार्ड लॅपटॉपमध्ये असतानाच डेलच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हिडिओ विभागात जाऊन ऑप्टिमस चालू करा. विंडोज सुरू करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही दिसतात याची खात्री करा. दोन्ही दिसले नाहीत तर पिढी ओलांडू नका.

एचपीची ड्रीमकलर स्क्रीन आणि डेलच्या एम६७००मधली १२० हर्ट्झची त्रिमितीय स्क्रीन यांत ऑप्टिमस नसतं, चित्र थेट कार्डातूनच येतं. अशा लॅपटॉपमध्ये व्हीबायोस जुळला नाही तर डेल आठ बीप देऊन थांबतो. त्या मालकांनी मूळ यादीतल्याच कार्डावर समाधान मानावं.

नाशिकमध्ये कार्ड मिळेल का?

रॅम, एसएसडी, हीटसिंकखाली लावायची पेस्ट आणि पॅड इथे सहज मिळतात. एमएक्सएम कार्ड दुकानाच्या फळीवर मिळणं अवघड. ते जुने लॅपटॉप घाऊक घेऊन सुटे करणाऱ्यांकडे असतं: मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, आणि ऑनलाइन विक्रेते. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी किमतीत धरा. अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे.

विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा: कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, स्टिकरवरचा डेल किंवा एचपीचा पार्ट नंबर, चालू अवस्थेतला जीपीयू-झेडचा (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) स्क्रीनशॉट आणि परत घेण्याची लेखी मुदत. जीपीयू-झेडमध्ये सबव्हेंडर १०२८ म्हणजे डेल, १०३सी म्हणजे एचपी. एम२२००चा डिव्हाइस आयडी १४३६, एम२०००एमचा १३बी०. चिपच्या कडेला फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) चिकट थर किंवा तपकिरी झालेली पाटी दिसली तर कार्ड गरम हवेने 'जिवंत' केलेलं आहे. असं कार्ड काही आठवडे चालून पुन्हा जातं, कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

खर्चाची मर्यादा म्हणाल तर कार्ड, पेस्ट, पॅड आणि लागलाच तर हीटसिंक मिळून लॅपटॉपच्या आजच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये.

अडॅप्टर आणि हीटसिंक बदलावे लागतात का?

अडॅप्टरचे आकडे त्याच्या पोटावर वाचा. एम४८०० ला १८० वॅट, म्हणजे १९.५ व्होल्ट ९.२३ अँपिअर लागतात. एम६८०० मध्ये १०० वॅटचं कार्ड असेल तर २४० वॅटचा. सेकंडहँड लॅपटॉपसोबत बऱ्याचदा १३० वॅटचा अडॅप्टर खपवलेला असतो. त्यावर लॅपटॉप चालू होतो, पण प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो आणि दोष नव्या कार्डाच्या माथी येतो. डेलच्या पिनमधली मधली बारीक सुई वाकली तरी हेच घडतं: अडॅप्टर ओळखला जात नाही, बॅटरी चार्ज होत नाही.

हीटसिंकचं उत्तर मॉडेलप्रमाणे बदलतं. लॅपटॉपमध्ये मुळात एएमडी कंपनीचं फायरप्रो कार्ड असेल तर एनव्हिडियासाठी वेगळा हीटसिंक लागू शकतो. १७ इंची लॅपटॉप मुळात कमी वॅटच्या कार्डासोबत विकला गेला असेल तर त्याचा हीटसिंकही लहान असण्याची शक्यता आहे. विक्रेत्याकडे कार्डासोबतचाच हीटसिंक असेल तर तो घ्या, पुढचे खूप कष्ट वाचतात.

प्रत्यक्ष बदलायचं कसं?

आधी तयारी. डेटाचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा, नाहीतर बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागतं. बायोस शेवटच्या आवृत्तीवर न्या. त्या वेळी अडॅप्टर जोडलेला आणि बॅटरी चार्ज असलीच पाहिजे. पिढी ओलांडणार असाल तर बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर असावा. विंडोज जुन्या एमबीआर रचनेच्या डिस्कवर असेल तर विंडोज १०मधलं एमबीआर२जीपीटी हे साधन ती पुन्हा इन्स्टॉल न करता बदलून देतं. जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने साफ करा.

उघडण्याचा क्रम मॉडेलप्रमाणे वेगळा आहे. डेलचं ओनर्स मॅन्युअल आणि एचपीचं मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड दोन्ही कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात. ते छापून जवळ ठेवा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर त्याच्या चित्राजवळ चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं कव्हर आतून फुटतं.

अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असते आणि स्वेटर-गोधडीमुळे अंगावर स्थिर वीज साठते. सुती कपडे घाला, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, कार्ड कडेनेच धरा.

हीटसिंकचे स्क्रू शेजारी कोरलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे सैल करा. हीटसिंक चिकटून बसला असेल तर उपटू नका. बॅटरी तात्पुरती लावून लॅपटॉप पाच मिनिटं चालवा, पेस्ट मऊ होते, मग बंद करून बॅटरी पुन्हा काढा आणि हीटसिंक किंचित फिरवत उचला. कार्डाचे दोन स्क्रू काढले की त्याची मोकळी कड आपोआप वर येते. तसंच तिरकं ओढून बाहेर घ्या.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता खरं नाजूक काम, थर्मल पॅड. मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याच्या कॉइल यांच्यावर पॅड असतात, साधारण ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटर जाडीचे. नव्या कार्डावर कॉइलची उंची वेगळी असू शकते. जुन्या पॅडची जाडी दबलेल्या भागावर न मोजता कडेच्या न दबलेल्या भागावर व्हर्नियरने मोजा. पॅड जास्त जाड झाला तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही. पातळ झाला तर मेमरी तापते आणि ते कोणत्याही आकड्यात दिसत नाही. म्हणून एकदा चाचणीपुरती जोडणी करून पाहा: चिपवर पेस्टचा बारीक थर लावा, हीटसिंक पूर्ण आवळा, पुन्हा काढा. चिपवरची पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली आणि प्रत्येक पॅडवर ठसा उमटलेला दिसला पाहिजे. नसेल तर जाडी बदला आणि पुन्हा पाहा. या टप्प्यावर घाई करणारे महिनाभरात परत तेच लॅपटॉप उघडतात.

नवं कार्ड साधारण ३० अंशात तिरकं आत ढकला, सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखीच आत गेली आहे हे पाहा, मग खाली दाबून दोन स्क्रू लावा. ज्वारीच्या दाण्याएवढी घट्टसर पेस्ट चिपवर ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण चिप झाकली जाईल अशी पसरा. हीटसिंकचे स्क्रू १-२-३-४ या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. तळाचं कव्हर लावण्यापूर्वी एकदा चालू करून पाहा.

चालू केलं, स्क्रीन काळी. आता?

घाबरून लगेच बंद करू नका. बदल ओळखायला पहिल्यांदा एक-दोन मिनिटं लागू शकतात. बीप वाजले तर मोजा. बाहेरचा मॉनिटर लावा. तिथेही काही नसेल तर वीज काढून कार्ड पुन्हा बसवा, कारण सगळ्यात जास्त वेळा कनेक्टर एका टोकाला अर्धवट बसलेला असतो. त्यानंतर बायोसची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. बॅटरी काढली की बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत जातात, ऑप्टिमसही बंद होऊ शकतं. म्हणून जुनं कार्ड घालून सेटिंग पुन्हा तपासणं ही शेवटची पायरी. जुन्या कार्डावर सगळं नीट चालत असेल तर नवं कार्ड किंवा त्याचा व्हीबायोस दोषी, आणि परतीची मुदत इथेच कामाला येते.

ड्रायव्हर इन्स्टॉल होत नाही, 'सुसंगत हार्डवेअर नाही' असं येतं.

कार्ड बिघडलेलं नाही. विंडोजमधला एनव्हिडियाचा इन्स्टॉलर कार्ड आणि लॅपटॉप यांची जोडी ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ फाइलमधल्या यादीत शोधतो. एम४८०० आणि एम२२०० अशी जोडी डेलने कधी विकलीच नाही, त्यामुळे ती यादीत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या डिटेल्समधून हार्डवेअर आयडी घ्या. त्याच डिव्हाइस आयडीची दुसऱ्या डेलसाठीची ओळ आयएनएफमध्ये शोधा, तिची प्रत करून शेवटचा सबसिस्टिमचा भाग आपल्या लॅपटॉपचा लिहा. मग सिक्युअर बूट बंद करून, अॅडव्हान्स्ड स्टार्टअपमध्ये ७ हा पर्याय निवडून ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी त्या एका सत्रापुरती थांबवा आणि इन्स्टॉल करा. पुढच्या वेळी लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो. विंडोज अपडेट हा ड्रायव्हर बदलू शकतं, म्हणून ड्रायव्हरचे आपोआप अपडेट बंद ठेवा आणि बदललेली फाइल जपून ठेवा.

लिनक्सवर ही कटकट नाही, तिथे ड्रायव्हर अशी जोडी तपासत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ दिसला तर तो सहीचा प्रश्न. कोड ४३ ड्रायव्हर पूर्ण साफ करून पुन्हा टाकल्यावरही राहिला तर कार्डावर संशय घ्या.

तापमान किती असावं?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे जानेवारीत केलेली चाचणी पुरेशी नाही. आपलं नेहमीचं जड काम अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंद ठेवा. भर उन्हाळ्यात कार्ड ८५ अंशांच्या आत राहिलं तर निश्चिंत राहा. ९० ओलांडत असेल तर पॅड आणि पेस्ट पुन्हा तपासा. चिप थंड दिसते पण चित्र तुटतं किंवा रंगीत ठिपके येतात, अशा वेळी मेमरीवरचे पॅड टेकलेले नाहीत.

दुसऱ्या मॉडेलच्या कार्डावर पंखा कधी सतत जोरात फिरतो, कधी उशिरा जागा होतो. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत एचडब्ल्यूइन्फोमधूनच पंख्याचा वेग हाताने ठरवता येतो.

शॉप फ्लोअरवर वापरणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. सीएनसीजवळच्या हवेत कूलंटचं तेलकट धुकं आणि धातूची बारीक धूळ असते. तेलाने धूळ जाळीवर घट्ट बसते, आणि धातूची धूळ वीज वाहून नेते. लॅपटॉप मशिनपासून दूर, काचेच्या केबिनमध्ये ठेवा आणि दर तीन महिन्यांनी जाळी साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

कार्ड न बदलता बाहेरून जोडता येईल का?

एम४८०० मध्ये बाहेरून जादा उपकरण जोडायचा एक्सप्रेसकार्ड हा स्लॉट आहे. त्यातून डेस्कटॉपचं कार्ड जोडता येतं, पण वाट अरुंद, सेकंदाला जेमतेम ५०० एमबी. मेमरीत एकदा दृश्य भरून तासभर चालणाऱ्या रेंडरला ते चालतं. कॅडमध्ये सतत मॉडेल फिरवायला नाही. थंडरबोल्ट ३ हे वेगवान पोर्ट असलेल्या ७५१० किंवा ७७१० ला हा पर्याय बराच बरा.

जुन्या कार्डाचं काय करायचं?

महिनाभर तरी अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवा. बिघाड शोधताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. नंतर विकायचं असेल तर पार्ट नंबरसह विका. मेलेलं असेल तर घंटागाडीत टाकू नका, नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्या.